माणदेशाचा शिक्का

वाचकहो, साताऱ्याहून पंढरपूरच्या रस्त्याला लागलात तर पहिला तासभर तुम्हाला वाटणारही नाही की आपण दुष्काळी मुलखाकडे चाललो आहोत. कृष्णाकाठचा ऊस मागे पडतो, कोरेगावच्या बाजूला आल्याची आणि घेवड्याची शेते दिसतात. पुसेगावला सेवागिरी महाराजांचे दर्शन घेऊन पुढे निघालात की मात्र चित्र पालटू लागते. झाडे विरळ होतात, माळ मोकळा होतो, डोंगर बोडके दिसू लागतात. दहिवडी येते, गोंदवलेकर महाराजांचे गोंदवले येते आणि मग माणगंगेच्या काठचे म्हसवड. साताऱ्यापासून हे अंतर सुमारे ९० किलोमीटर. उत्तरेला महादेवाच्या डोंगररांगेत शिखर शिंगणापूरचा शंभू महादेव बसला आहे आणि खाली पसरला आहे तो माणदेश.

माणदेशातल्या पावसाचा हिशोब आधी सांगतो, कारण पुढचे सारे त्यावरच उभे आहे. याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. माण तालुक्याच्या वाट्याला येतो तो जेमतेम साडेचारशे ते पाचशे. जिल्हा एक, सरकारी कचेरी एक, पण पश्चिमेचे ढग सह्याद्रीवर रिकामे होतात आणि इकडे येईपर्यंत त्यांच्यात काही उरत नाही. जो पाऊस येतो तो बराचसा परतीचा. मृग आणि आर्द्रा कोरडे जातात आणि शेतकरी उत्तरा-हस्ताकडे डोळे लावून बसतो. म्हणून इथे मान रब्बी ज्वारीला. खरिपात बाजरी, मटकी, हुलगा. काटक खिल्लार बैल, मेंढरांचे कळप आणि खांद्यावर घोंगडी.

हा झाला पावसाचा हिशोब. तो खरा आहे आणि पर्जन्यमापकावर मोजता येतो. पण पिढ्यान् पिढ्या हा आकडा नुसता आकडा राहिला नाही. त्याचे एक नाव झाले. ‘दुष्काळी.’ आधी ते जमिनीचे विशेषण होते. मग तालुक्याचे झाले, गावाचे झाले आणि शेवटी माणसाचे झाले. “आम्ही दुष्काळी माणसं, आमचं काय व्हायचं?” असे माणूस स्वतःच बोलू लागला. पाऊस कमी पडतो हे मोजमाप, आणि आपल्याकडून काही व्हायचे नाही हा शिक्का. दोन्ही एकाच दमात बोलली जातात म्हणून एकच वाटतात. तशी ती नाहीत. हे समजून घ्यायला माणदेशासारखी दुसरी जागा नाही, म्हणून तुम्हाला इथवर आणले.

पहिली गोष्ट गलाईवाल्यांची. १९७२ च्या दुष्काळात रोजगाराच्या कामांवर खडी फोडून आणि सुकडी खाऊन दिवस काढलेली पिढी घराघरांत होती. त्या काळाच्या आधी आणि नंतरही इथला माणूस पोटासाठी बाहेर पडत राहिला. कोणी मुंबईला माथाडी कामाला गेला. माण, खटाव, आटपाडी आणि खानापूर या भागांतली कितीतरी माणसे गलाईच्या धंद्यात शिरली. गलाई म्हणजे सोने-चांदी वितळवून ती शुद्ध करण्याचे काम. भट्टीची आच किती, आम्ल किती, तुटीचा हिशोब कसा, हे सारे नातेवाइकाच्या दुकानात राबून शिकायचे आणि मग परमुलखात, परक्या भाषेत आपले दुकान थाटायचे. उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत देशातल्या किती तरी पेठांत ही दुकाने आहेत. शेकड्यांनी मैलांवरचा सराफ आपले सोने विश्वासाने यांच्या हाती देतो. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण तुम्हाला ठाऊक आहे. इथे ती उलटी झाली. नाव दुष्काळी आणि हाती सोने.

गावात असताना ज्याला वाटत होते की आपल्याकडून काही व्हायचे नाही, तोच माणूस गाव सोडल्यावर नवी भाषा, नवे कसब आणि नवा हिशोब शिकला. त्याचे हातपाय बदलले नव्हते, डोकेही तेच होते. परमुलखात त्याला कोणी दुष्काळी म्हणून ओळखत नव्हते आणि त्यालाही तसे म्हणवून घ्यायला सवड नव्हती. पण मग प्रश्न पडतो: शिक्का पुसायला गाव सोडावेच लागते काय?

नाही, असे म्हसवडच्या बायकांनी दाखवून दिले आहे. ही दुसरी गोष्ट.

म्हसवड सिद्धनाथाचे गाव. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला देवाचा रथ निघतो आणि दूरदूरचे भाविक तो ओढायला येतात. या गावात लग्न होऊन मुंबईच्या चेतना गाला-सिन्हा आल्या. चळवळीत वाढलेल्या, अर्थशास्त्र शिकलेल्या. रस्त्याकडेला लोहारकाम करणारी एक बाई त्यांच्याकडे आली आणि म्हणाली की मला बँकेत पैसे साठवायचे आहेत. पावसाळ्यापूर्वी झोपडीवर टाकायला प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा होता. पण एवढ्याशा बचतीसाठी तिचे खाते उघडायला कोणतीही बँक तयार नव्हती. तेव्हा बायकांनी ठरवले की आपलीच बँक काढू.

परवान्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला आणि तो नामंजूर झाला. अर्जावर सह्यांच्या जागी कितीतरी अंगठे होते. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांनी बँक कशी चालवायची, असा आक्षेप. एका अर्थी तो आक्षेप चुकीचा म्हणता येणार नाही. बायकांना लिहिता येत नव्हते हे खरेच होते.

आता इथे थांबून विचार करा. आपल्यापैकी कितीजणींनी काय केले असते? “आपण अडाणी, आपलं हे कामच नव्हं” असे म्हणून घरी परतल्या असत्या. म्हसवडच्या बायकांनी दोन गोष्टी केल्या. दिवसाची मजुरी संपवून त्या अक्षरे गिरवायला बसल्या. काही महिन्यांनी पुन्हा रिझर्व्ह बँकेच्या दारात गेल्या. तिथे त्यांनी साहेबांना सांगितले की आमच्या लहानपणी गावात शाळा नव्हती म्हणून आम्हाला लिहिता-वाचता येत नाही, पण हिशोब येतो. वाटेल ती रक्कम सांगा, आम्ही यंत्राशिवाय व्याज काढून दाखवतो. तुमच्या साहेबांनाही यंत्राशिवाय काढू द्या आणि बघा कोण आधी सांगते ते. परवाना मिळाला. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक म्हसवडला उभी राहिली.

यातला हिशोब तुम्हाला नवा नाही. शेकडा दोनच्या दराने सावकाराकडून पाच हजार उचलले तर महिन्याला शंभर आणि वर्षाला बाराशे व्याज, हे सांगायला खेड्यातल्या बाईला कागद लागत नाही. दुधाचा दहा दिवसांचा हप्ता, फॅटप्रमाणे भाव, खुरपणीच्या बायांची मजुरी, भिशीचा नंबर, अर्धलीने दिलेल्या शेळीच्या करडांची वाटणी हे सगळे तिच्या तोंडावर असते. पण ती त्याला गणित म्हणत नाही. गणित म्हणजे शाळेतले, पाटीवरचे, मास्तरांचे. म्हणून रोज दहा हिशोब करणारी बाई दिवसातून दहा वेळा म्हणते, “मला मेलीला काय कळतंय हिशोबातलं!”

म्हसवडच्या बायकांनी दोन शब्द वेगळे केले. निरक्षर आणि अडाणी. निरक्षर असणे ही वस्तुस्थिती आहे. ती कबूल करायला लाज नाही आणि चार-सहा महिन्यांत ती बदलूही शकते. अडाणी हा मात्र शिक्का आहे. निरक्षर म्हटले की पुढचा प्रश्न येतो, मग शिकायचे कधी? अडाणी म्हटले की प्रश्नच संपतो. वस्तुस्थितीपुढे वाट असते, शिक्क्यापुढे भिंत असते.

ही भिंत फुकट उभी राहत नाही, तिची किंमत द्यावी लागते. कर्जाच्या कागदावर वाचून न घेता उमटलेला अंगठा ही ती किंमत. “मी बाईमाणूस, मला जमीन काय करायचीय?” म्हणून करून दिलेले हक्कसोडपत्र ही ती किंमत. फवारणीच्या डब्यावरचा लाल त्रिकोण पाहूनही कोणाला अर्थ न विचारणे, कारण विचारले तर आपले अडाणीपण उघडे पडेल, ही सर्वांत महाग किंमत. माणूस न शिकल्यामुळे जेवढा नाडला जात नाही, तेवढा शिकायला आता उशीर झाला असे ठरवून टाकल्यामुळे नाडला जातो.

बँक झाली, मग तिच्या पाठोपाठ बायकांसाठी धंद्याचे शिक्षण आले. २००८ साली माणदेशी तरंग वाहिनी हे सामुदायिक रेडिओ केंद्र सुरू झाले. शाळेची पायरी न चढलेल्या, पण गाणी-ओव्यांचे भांडार गळ्यात बाळगणाऱ्या बायाही तिथे मायक्रोफोनपुढे बसल्या. २०१८ च्या जानेवारीत स्वित्झर्लंडमधल्या दाव्होस गावी जागतिक आर्थिक परिषद भरली, तेव्हा तिच्या सहअध्यक्षांमध्ये म्हसवडच्या चेतनाताई होत्या.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. या बायकांनी बँकेचे नाव काय ठेवले? ‘माणदेशी.’ ज्या शब्दाबरोबर लोकांच्या तोंडून ‘अरेरे’ निघायचे, तोच शब्द त्यांनी दारावर लावला. नाव टाकून द्यावे लागले नाही, फक्त त्यात भरलेला अर्थ बदलावा लागला. आपले गाव, आपला धंदा, आपली बोली यांची लाज धरून काही साधत नाही. शिक्का पुसायचा म्हणजे मूळ पुसायचे नव्हे.

तिसरी गोष्ट एका मुलीची. माण तालुक्यातल्या मोही गावच्या शेतकऱ्याची लेक ललिता बाबर. ती लांब पल्ल्याची धावपटू झाली. मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षे ती पहिली आली. म्हणजे तिच्यावरही एक शिक्का होता, पण तो मानाचा. मॅरेथॉनची विजेती. कोणीही म्हणाले असते की आता हेच धरून राहा, यातच नाव आहे, पैसा आहे.

तिने काय केले? ती स्टीपलचेस या शर्यतीकडे वळली. ही शर्यत तीन हजार मीटरची. वाटेत अडीच फुटांचे अडथळे २८ वेळा ओलांडायचे आणि सात वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी घ्यायची. हे अडथळे धक्का लागून पडणारे नसतात. आपल्या गोठ्याच्या आडव्या वाशासारखे ते पक्के असतात, पाय लागला तर पडतो तो धावणारा. मॅरेथॉनची सवय झालेल्या पायांना हे सारे नव्याने शिकावे लागते. तिने ते शिकले. २०१४ च्या आशियाई खेळांत कांस्यपदक मिळवले, २०१५ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून ती अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली. १९८४ साली पी. टी. उषा अंतिम फेरीत धावली होती. त्यानंतर ३२ वर्षांनी ऑलिंपिकच्या धावपट्टीवर वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी भारतीय बाई म्हणजे ही पाण्याला आसुसलेल्या मुलखातली मुलगी.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगितली. वाईट शिक्का माणसाला अडवतो हे कोणालाही पटते. चांगला शिक्काही अडवतो हे पटायला वेळ लागतो. “आम्ही बागायतदार” असे एकदा ठरले की पाणी कमी पडले तरी ऊस सोडवत नाही, कारण ज्वारी पेरली तर चारचौघांत मान खाली जाईल असे वाटते. “आम्ही प्रगतशील शेतकरी” म्हणवून घेणारा शेजाऱ्याच्या पोराकडून नवी गोष्ट विचारायला कचरतो. घरात ज्याला सगळे हुशार म्हणतात तो मुलगा अवघड गणिताला हात लावत नाही, कारण चुकले तर हुशारी जाईल. शेजारीच त्याची बहीण बसलेली असते, तिला लहानपणीच “हिचं डोकं अभ्यासात नाही” असे म्हणून मोकळे केलेले. दोघेही अडकले. एक चांगल्या नावात, एक वाईट नावात.

आता कोणी म्हणेल, हे सगळे ठीक, पण शब्द बदलून पाऊस पडतो काय? रास्त प्रश्न आहे. नाही पडत. म्हसवडची बँक झाली म्हणून पर्जन्यमापकाचा आकडा वाढला नाही. तालुका अवर्षणप्रवण आहे हे सरकारी कागदावर असणे गरजेचेही आहे. त्यावर टँकर, चारा छावणी, फीमाफी आणि पाण्याच्या योजना अवलंबून असतात. अलीकडच्या वर्षांत उरमोडीचे पाणी तालुक्याच्या काही भागात पोचले, तेही लोकांनी वर्षानुवर्षे मागणी लावून धरली म्हणून. तेव्हा जिथे हक्क मागायचा आहे तिथे दुष्काळी हा शब्द खणखणीत आवाजात उच्चारावा. कागदावर तो हवाच. फक्त कागदावरून तो मनात उतरू देऊ नये.

कारण पाऊस आपल्या हाती नसला तरी पडलेला पाऊस अडवणे हाती असते. पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत २०१८ साली पहिला क्रमांक कोणाचा आला ठाऊक आहे? याच माण तालुक्यातल्या टाकेवाडीचा. भर उन्हाळ्यात ४५ दिवस गावाने फावडी-टिकाव उचलून चर खणले, बांध घातले. पावसाचा आकडा त्यांनाही तोच होता. त्यांनी फक्त “आमच्याकडे पाऊस कमी पडतो” या वाक्यापुढे “म्हणून काही होत नाही” असे न जोडता “म्हणून थेंबही वाहून जाऊ द्यायचा नाही” असे जोडले. अर्धे वाक्य निसर्गाचे असते. उरलेले अर्धे आपण जोडतो. शिक्का असतो तो त्या दुसऱ्या अर्ध्यात.

माणदेशाच्या माळावर फिरताना मेंढरांचे कळप दिसतील. आपली मेंढरे ओळखू यावीत म्हणून धनगर त्यांच्या लोकरीवर रंगाची खूण करतात. चार कळप एकत्र आले की ती खूण उपयोगाची असते. पण कातरणीचा हंगाम आला की लोकरीबरोबर खूणही जाते आणि मेंढरू मोकळे होते. गरज असेल तर पुन्हा नवी खूण करायची. माणसाने स्वतःला लावलेली नावेही अशीच लोकरीवर असावीत. कातड्यावर डाग दिल्यासारखी नसावीत.

मंडळी, म्हसवडला कधी गेलात तर सिद्धनाथाचे दर्शन घ्या, माणगंगेचे कोरडे पात्र पाहा. रब्बीच्या दिवसांत गेलात तर हुरडाही खाऊन या. पण त्यासाठी मुहूर्त शोधायला नको असे एक काम आजच घरी करता येईल. रात्री जेवणे झाली की घरातल्या प्रत्येकाने सांगावे, आपण स्वतःबद्दल नेहमी कोणते वाक्य बोलतो. “मला हिशोब येत नाही.” “मला चारचौघांत बोलता येत नाही.” “आता या वयात काय शिकायचं?” मग इतरांनी मिळून त्या वाक्याचे दोन भाग करावेत. मोजमाप किती आणि शिक्का किती. बँकेत पैसे काढायची चिठ्ठी भरता येत नाही हे मोजमाप असेल, तर नातवाने आजीला ती चार दिवस शिकवावी. काम चार दिवसांचे असते आणि शिक्का चाळीस वर्षांचा.

आणि बायांनो, तुमच्यासाठी एक वेगळे सांगणे. दारात कोणी नोंद करायला येतो, घरात कोण काय करते ते विचारतो. घरातला पुरुष सांगतो, “मी शेती करतो.” तुमच्याकडे बोट करून विचारले की तुम्हीच म्हणता, “मी काय, घरीच असते.” पहाटे धार काढलेली, भाकरी थापलेली, दिवसभर खुरपे चालवलेले, मोटार चालू-बंद केलेली, बाजाराला माळवे पाठवलेले, आणि कागदावर मात्र ‘काही करत नाही.’ हा शिक्का दुसऱ्या कोणी मारलेला नाही. पुढच्या वेळी नोंदवाला आला की डोक्यावरचा पदर नीट करा आणि सांगा, “लिहा, शेतकरी.”